प्रश्न तुमचे : मोजमापं आहेत, पण त्यांचा अर्थ कुठे लिहिलाय?

संशोधनातला डेटा नोंदवणं, इतरांना देणं आणि टिकवून ठेवणं, या विषयावर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी आठ या वेळी निवडले आहेत. प्रश्न वेगवेगळ्या शाखांतले असले तरी उत्तरं देताना आम्ही एकच माणूस डोळ्यांसमोर ठेवला आहे. तुमची फाइल त्याच्या हातात आहे आणि तुम्हाला काही विचारायची सोय त्याच्याकडे नाही.

माझी सगळी मोजमापं एका एक्सेल फाइलमध्ये आहेत. स्तंभांची नावं स्पष्ट आहेत. तरी मार्गदर्शक म्हणतात, 'मेटाडेटा लिही.' म्हणजे नेमकं काय लिहू?
— जलरसायनशास्त्रातली संशोधक विद्यार्थिनी

मेटाडेटा म्हणजे डेटाविषयीची माहिती. तुमच्याच विषयातला एक रकाना बघू. स्तंभाचं नाव 'नायट्रेट', आत आकडा ४.२. एकक लिटरला मिलिग्रॅम, हेही लिहिलेलं आहे असं धरू. तरी प्रश्न उरतोच. हे ४.२ मिलिग्रॅम अख्ख्या नायट्रेट आयनाचे, की त्यातल्या नुसत्या नायट्रोजनचे? प्रयोगशाळांमध्ये दोन्ही रिवाज चालतात. नायट्रेट आयनाचा भार ६२ आणि नायट्रोजनचा १४, म्हणजे फरक जवळपास साडेचार पटींचा. नायट्रोजन म्हणून मोजलेले ४.२ हे नायट्रेट म्हणून १८.६ होतात. दोन्ही आकडे पाण्याच्या नमुन्यात सहज आढळण्यासारखे आहेत, त्यामुळे नुसतं बघून चूक कुणाच्या लक्षात येणार नाही.

आता त्याच्या खालचा रकाना रिकामा आहे असं समजा. त्या दिवशी नमुना घेतलाच नाही, की घेतला पण बाटली फुटली, की मोजला पण प्रमाण उपकरणाच्या शोधमर्यादेपेक्षा (उपकरणाला खात्रीने ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणापेक्षा) कमी निघालं? तिन्हींचा अर्थ वेगळा आणि विश्लेषणात तिन्हींना वागवायची रीतही वेगळी. शोधमर्यादेखालच्या मोजमापाला शून्य लिहू नका, कारण तुम्ही शून्य मोजलेलं नाही. मूल्याचा रकाना रिकामा ठेवा आणि शेजारी 'खूण' नावाचा स्तंभ करून त्यात ठरावीक संकेत लिहा: एक 'मर्यादेखाली'साठी, एक 'नमुना नाही'साठी, एक 'नमुना खराब'साठी. रिकाम्या जागी −९९९ भरायची जुनी सवय तर सोडाच. ९९९ नोंदी ४ च्या असतील आणि एकच −९९९ त्यात राहून गेला, तर हजार नोंदींची सरासरी ४ वरून जवळजवळ ३ वर येते. तीन हा आकडा इतका साधा दिसतो की कुणी शंकासुद्धा घेणार नाही.

हे सगळं जिथे लिहायचं ती फाइल म्हणजे डेटा-कोश. मूळ तक्त्यातल्या प्रत्येक स्तंभासाठी कोशात एक ओळ असते. तिच्यात स्तंभाचं नाव अगदी तक्त्यात आहे तसंच, मग एका वाक्यात अर्थ, एकक, मूल्याचा प्रकार (संख्या, मजकूर, तारीख), शक्य असलेली किमान आणि कमाल मूल्यं, गैरहजर नोंदीचे संकेत, मोजण्याची पद्धत आणि शोधमर्यादा. वेळेचा स्तंभ असेल तर ती स्थानिक वेळ आहे की यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ), हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. उन्हाळ्यात घड्याळं पुढे करणाऱ्या देशांमध्ये वर्षातून एकदा तोच तास दोनदा येतो आणि स्वयंचलित उपकरणाच्या नोंदी एकमेकींवर चढतात.

कोशाच्या जोडीला 'रीडमी' नावाची साधी मजकूर-फाइल हवी. तिच्यात डेटा कुणी, कधी, कुठे, कशासाठी गोळा केला ते लिहा, कोणत्या फाइलमध्ये काय आहे ते लिहा आणि नमुन्याचा प्रवास लिहा. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलं का, कोणत्या तापमानाला ठेवलं, किती तासांनी तपासलं, उपकरणाचं मॉडेल कोणतं, अंशशोधन शेवटचं कधी केलं होतं. यातलं काहीही आकड्यांवरून मागाहून काढता येत नाही. म्हणून रीडमी प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यात उघडा आणि काम चालू असताना तिच्यात भर घालत राहा.

सहकाऱ्याने पाठवलेली सीएसव्ही फाइल मी एक्सेलमध्ये उघडून पाहिली आणि सेव्ह केली. आता काही नमुन्यांचे क्रमांक बदललेले दिसतात. फाइल बिघडली का?
— जीवशास्त्राचा अभ्यासक

हो, आणि ती सेव्ह करताना बिघडली. सीएसव्हीमध्ये नुसता मजकूर असतो. कोणता स्तंभ संख्येचा आणि कोणता तारखेचा, हे त्यात लिहिलेलं नसतं. डबल-क्लिक केलं की एक्सेल स्वतःच अंदाज बांधतं. '००४७' चं ४७ होतं. '१२ई५' हा नमुना-क्रमांक त्याला वैज्ञानिक लेखनातली संख्या वाटतो आणि त्याचे बारा लाख होतात. '१२ई०५' हा दुसराच नमुना असला तरी त्याचेही बारा लाखच होतात, म्हणजे दोन नमुने एक होऊन बसतात. पंधरा अंकांपुढचे अंक शून्य होतात. '०३-०७' ची तारीख होते, आणि ती ३ जुलै की ७ मार्च हे ज्या संगणकावर उघडली त्याच्या सेटिंगवर ठरतं.

जनुकांच्या नावांनी तर या खोडीपुढे हात टेकले. 'सेप्ट२' चं २ सप्टेंबर आणि 'मार्च१' चं १ मार्च व्हायचं. २०१६ च्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांशांमध्ये ही चूक सापडली. शेवटी मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने या जनुकांचीच नावं बदलून 'सेप्टिन२', 'मार्चएफ१' अशी केली आणि २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत तसा नियम घातला.

बिघडलेल्या स्तंभाला 'टेक्स्ट' फॉरमॅट देऊन उपयोग नाही. मूळ अक्षरं तोवर गेलेली असतात. सहकाऱ्याकडून फाइल पुन्हा मागवा. ती डबल-क्लिकने न उघडता रिकाम्या वर्कबुकमध्ये 'डेटा' टॅबवरून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा आणि 'डेटा टाइप डिटेक्शन'मध्ये 'डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स' घ्या. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ही आपोआप होणारी अदलाबदल पर्यायांत जाऊन बंदही करता येते. नुसतं बघायचंच असेल तर साधा टेक्स्ट एडिटर बरा.

आणखी दोन गोष्टी. जुन्या एक्सएलएस प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळी मावतात, नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. त्यापुढच्या ओळी गळतात. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळजवळ १६,००० रुग्णांच्या नोंदी जुन्या प्रकाराच्या याच मर्यादेमुळे रोजच्या आकड्यांतून सुटल्या होत्या. दुसरी गोष्ट रंगांची. 'पिवळ्या ओळी संशयास्पद' अशी खूण केली असेल तर सीएसव्हीत ती पुसली जाते. रंगाचा जो अर्थ असेल त्याचा स्वतंत्र स्तंभ करा आणि जोडलेले रकाने सोडवून घ्या.

देवनागरीतल्या नोंदी दुसऱ्या संगणकावर उघडल्या की चित्रविचित्र अक्षरं दिसतात. डेटा गेला का?
— लोकभाषेचा अभ्यास करणारी वाचक

बहुतेक वेळा गेलेला नसतो. फाइल यूटीएफ-८ या युनिकोड सांकेतिकीकरणात असते आणि उघडणारा प्रोग्राम ती वेगळ्या सांकेतिकीकरणात वाचतो. अशा अवस्थेत सेव्ह मात्र करू नका. आयात करताना यूटीएफ-८ निवडा, अक्षरं जागेवर येतील. एक्सेलमधून जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा वेगळा पर्याय असतो, तोच घ्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर ही मात्र वेगळी अडचण आहे. तिथे फाइलमध्ये खरोखर रोमन अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, मूळ फाइल ठेवा आणि कोणत्या फॉन्टमधून बदललं ते रीडमीत लिहा. मोजमापांचे आकडे मात्र इंग्रजी (0 ते 9) अंकांतच ठेवा. देवनागरी अंकांना बरीच सॉफ्टवेअर्स संख्या मानत नाहीत.

'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' अशा फाइली झाल्या आहेत. नावं कशी द्यावीत?
— प्रयोगशाळा सहायक

तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने: २०२४-०३-०७. मग ठिकाण किंवा प्रयोगाचा संकेत, मग आशय, शेवटी आवृत्ती. क्रमांक ०१, ०२ असे शून्य लावून, नाहीतर यादीत १० हा २ च्या आधी येतो. नावात मोकळी जागा आणि विशेष चिन्हं नकोत.

त्याहून महत्त्वाची वाटते ती फोल्डरची विभागणी. उपकरणातून आली तशी फाइल 'कच्चा' फोल्डरमध्ये टाका आणि लगेच 'रीड-ओन्ली' करा. तिला पुन्हा हात लावायचा नाही. चुकीची नोंद दिसली तरी ती कच्च्या फाइलमध्ये खोडू नका. दुरुस्ती स्क्रिप्टमध्ये (संगणकाला द्यायच्या आज्ञांच्या फाइलमध्ये) करा किंवा 'काय बदललं, का बदललं, कुणी, कधी' अशा चार स्तंभांच्या नोंदवहीत लिहा. स्वच्छ केलेल्या फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये, स्क्रिप्ट तिसऱ्यात. कच्चा डेटा आणि स्क्रिप्ट शाबूत असतील तर मधली प्रत्येक 'फायनल' पुन्हा बनवता येते.

शोधनिबंधात 'डेटा विनंती केल्यास मिळेल' असं लिहिलं तर पुरत नाही का? नाहीतर कुठे ठेवावा?
— परिसंस्थाशास्त्रातील संशोधक

हेतू चांगला असला तरी ते वाक्य टिकत नाही. २०१४ मध्ये 'करंट बायॉलॉजी'त आलेल्या एका अभ्यासात २ ते २२ वर्षं जुन्या ५१६ शोधनिबंधांचा डेटा मागून पाहिला होता. डेटा मिळण्याची शक्यता वर्षागणिक सुमारे १७ टक्क्यांनी घटत गेलेली दिसली. ईमेल पत्ते बंद पडले होते आणि डेटा कालबाह्य साधनांवर अडकला होता. विभागाच्या संकेतस्थळावर ठेवलेली फाइलही अशीच जाते, कारण संकेतस्थळ बदललं की दुवा मरतो.

डेटा रिपॉझिटरीत, म्हणजे डेटा जपून ठेवणाऱ्या ऑनलाइन संग्रहात ठेवा. आधी तुमच्या विषयाची रिपॉझिटरी आहे का ते पाहा, कारण तिथे त्या विषयाला लागणारे तपशील भरायला लावतात आणि शोधणारे लोकही तिथेच येतात. जनुकक्रम जेनबँकमध्ये किंवा तिच्याशी रोज देवाणघेवाण करणाऱ्या युरोपीय आणि जपानी संग्रहांत जातात. प्रथिनांच्या रचना प्रोटीन डेटा बँकेत, जी १९७१ पासून चालू आहे. पृथ्वी आणि पर्यावरणविषयक मोजमापं पँजियात. प्रजातींच्या आढळाच्या नोंदी 'डार्विन कोर' या ठरलेल्या स्तंभनावांमध्ये बसवून जीबीआयएफवर देता येतात. तुमच्या कामाला हे शेवटचं बहुधा जुळेल. विषयाची रिपॉझिटरी नसेल तर झेनोडो, ड्रायड, फिगशेअर अशा सर्वसाधारण जागा आहेत. झेनोडो सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत चालतं आणि तिथे एका नोंदीला साधारणपणे ५० गिगाबाइटपर्यंत जागा मिळते.

तिथे मिळणारा डीओआय म्हणजे फाइलचा कायमचा पत्ता. संग्रहाने जागा बदलली तरी डीओआय नव्या जागी वळवता येतो. झेनोडोवर नोंद प्रकाशित करण्याआधीच डीओआय राखून ठेवता येतो, म्हणून तो हस्तलिखितात आणि रीडमीत आधीच घाला. तिथे दोन प्रकारचे डीओआय मिळतात: एक नेमक्या आवृत्तीचा, दुसरा सगळ्या आवृत्त्यांचा मिळून. शोधनिबंधात आवृत्तीचाच द्या. दुसरा दिला तर दोन वर्षांनी तुम्ही सुधारित फाइल टाकल्यावर वाचक नव्या आकड्यांवरून जुनी आकृती काढायला बसेल आणि ती जुळणार नाही.

कोड गिटहबवर आहे म्हणून तो जपला गेला, असंही समजू नका. ते कोडवर काम करायचं संकेतस्थळ आहे आणि मालक तिथला आपला कोड केव्हाही पुसू शकतो. झेनोडो गिटहबला जोडता येतं, मग प्रत्येक 'रिलीज'ची प्रत डीओआयसह तिथे साठते. कोडसोबत वापरलेल्या पॅकेजांच्या आवृत्त्यांची यादी आणि यादृच्छिक संख्या वापरल्या असतील तर त्यांचा 'सीड' (ज्या आकड्यापासून त्या काढल्या तो) द्या.

परवाना कोणता निवडू? माझा डेटा कुणी धंद्यासाठी वापरू नये असं वाटतं.
— स्वतंत्र संशोधक

ती भावना समजते, तरी आमचा सल्ला क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-शून्य (कोणतीही अट नाही) किंवा सीसी-बाय ४.० (श्रेय द्यायची अट) असाच आहे. 'व्यापारी वापर नको' या अटीची हद्द धूसर असते. शुल्क घेणारं विद्यापीठ, पाठ्यपुस्तक छापणारा प्रकाशक, खाजगी रुग्णालयातला संशोधक यांना ती लागू होते की नाही, याच्या शंकेपोटी प्रामाणिक माणसंच मागे फिरतात. 'बदल नको' हा परवाना तर डेटासाठी घेऊच नये, कारण डेटा वापरणं म्हणजे तो दुसऱ्या डेटाशी जोडणं आणि बदलणंच असतं. सीसी-शून्यमध्ये श्रेय देण्याचं कायदेशीर बंधन नसतं, पण संशोधनातला संदर्भ देण्याचा शिष्टाचार त्याने संपत नाही. ड्रायड डेटा सीसी-शून्यखालीच घेतं. काहीच परवाना न लिहिणं हा सगळ्यांत वाईट पर्याय आहे, कारण मग वापरता येईल का हेच कुणाला कळत नाही.

आमच्या आरोग्य-पाहणीत नावं आणि फोन नंबर काढून टाकले आहेत. आता फाइल सर्वांसाठी खुली करू का?
— सामाजिक आरोग्याची अभ्यासक

थांबा. नाव काढल्याने माणूस झाकला जात नाही. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी १९९० च्या अमेरिकी जनगणनेवरून दाखवलं होतं, की पाच अंकी टपाल संकेत, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख या तीनच गोष्टींवरून तिथली ८७ टक्के लोकसंख्या एकेकट्याने ओळखता येण्याजोगी होती. तुमच्या फाइलमध्ये गाव, वय, व्यवसाय आणि एखादा दुर्मीळ आजार असेल, तर शेजारच्या माणसाला टपाल संकेताचीही गरज लागणार नाही.

आधी संमतिपत्र काढून वाचा. 'माहिती फक्त या अभ्यासापुरती' असं त्यात लिहिलं असेल तर तांत्रिक उपाय कितीही केले तरी खुलं करण्याचा हक्क तुम्हाला नाही. संमती असेल तर जन्मतारखेऐवजी पाच किंवा दहा वर्षांचे वयोगट करा, गावाऐवजी मोठा प्रदेश घ्या, आणि ओळख पटवू शकणाऱ्या स्तंभांची प्रत्येक जोडणी किती माणसांत आढळते ते मोजा. किमान पाच हा पुष्कळ ठिकाणी धरला जाणारा आकडा आहे. त्याखालचे गट एकत्र करा किंवा ते मूल्य झाका. यावरही विसंबून राहू नका. गटातल्या पाचही जणांना एकच आजार असेल तर गट मोठा असून उपयोग काय?

मोकळ्या उत्तरांचा स्तंभ ओळ न् ओळ वाचा. 'माझा मुलगा अमुक शाळेत शिक्षक' अशी वाक्यं तिथेच असतात. छायाचित्रांच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, ते काढा. फोन नंबरचं 'हॅश' करून, म्हणजे ठरावीक गणिती रीतीने त्याची सांकेतिक ओळ बनवून ठेवणं म्हणजे लपवणं नव्हे. दहा अंकी नंबर जास्तीत जास्त एक हजार कोटी. आजचा संगणक त्या सगळ्यांचे हॅश बघता बघता काढून जुळवतो. त्यापेक्षा यादृच्छिक क्रमांक द्या आणि क्रमांक-नावांची यादी कुलूपबंद करून वेगळ्या जागी ठेवा.

एवढं करूनही धोका उरत असेल तर मेटाडेटा खुला आणि डेटा अर्ज केल्यावर, अशी सोय असलेली रिपॉझिटरी निवडा. २०१६ मध्ये मांडलेली 'फेअर' तत्त्वं सापडणं, मिळवता येणं, जुळणं आणि पुन्हा वापरता येणं मागतात. डेटा सगळ्यांना खुलाच असावा, अशी त्यांची अट नाही. शिकार होणाऱ्या प्राण्यांच्या किंवा ओरबाडल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या जागांनाही हीच काळजी लागू आहे. अक्षांश चार दशांश स्थळांपर्यंत दिला तर जागा सुमारे ११ मीटरपर्यंत कळते. एकाच स्थळापर्यंत दिला तर ११ किलोमीटरपर्यंत. किती ढोबळ केलंत ते कोशात नोंदवा.

शोधनिबंध स्वीकारला गेला आहे, डेटा जमा करायला दोन आठवडे आहेत. सगळं एका हार्ड डिस्कवर आहे. कुठून सुरुवात करू?
— पदार्थविज्ञानातील संशोधक

आज संध्याकाळच्या आत दुसरी प्रत करा. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, हा नेम धरा. आपोआप जुळवून घेणारं क्लाउड फोल्डर प्रत म्हणून एकटं धरू नका. तुम्ही चुकून पुसलेली फाइल ते तिकडेही इमानाने पुसतं.

कॉपी करण्याआधी प्रत्येक फाइलचा शा-२५६ चेकसम (फाइलच्या आशयावरून काढलेली ओळखखूण) काढून यादीत ठेवा. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल', लिनक्समध्ये 'शा२५६सम' ही आज्ञा ते करते. ६४ चिन्हांची ही ओळ फाइलमधला एक बिट बदलला तरी पूर्ण बदलते, त्यामुळे प्रत अर्धवट झाली की खराब झाली ते लगेच कळतं. 'बॅगइट' ही रचना वापरलीत तर फाइली आणि चेकसमची यादी एकाच पुडक्यात राहते.

मग उपकरणांच्या खास फाइलींकडे वळा. त्या उघडणारं सॉफ्टवेअर तुमच्या विभागाबाहेर कुणाकडे असेलच असं नाही. मूळ फाइल ठेवा आणि शेजारी खुल्या प्रकारातली प्रत द्या: तक्त्यांसाठी सीएसव्ही, बहुमितीय मोजमापांसाठी एचडीएफ५ किंवा नेटसीडीएफ, प्रतिमांसाठी टिफ. जेपेगमध्ये जतन करताना बारकावे कायमचे जातात, म्हणून जिच्यावर मोजमाप करायचं ती प्रतिमा त्यात ठेवू नका. रूपांतर झाल्यावर दोन-चार मूल्यं मूळ सॉफ्टवेअरमध्ये आणि नव्या फाइलमध्ये समोरासमोर तपासा. एककं आणि उपकरणाची सेटिंग्ज याच टप्प्यावर गळतात.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी कोश, रीडमी, फाइली आणि स्क्रिप्ट एका फोल्डरमध्ये घालून या प्रकल्पावर काम न केलेल्या सहकाऱ्याला द्या. शोधनिबंधातली एक आकृती त्याने फक्त त्या फोल्डरवरून काढून दाखवायची. तुम्ही शेजारी बसा, पण तोंडी काही सांगू नका. तो जिथे अडेल आणि जे विचारेल ते लिहून घ्या, उत्तरं रीडमीत भरा आणि फोल्डर पुन्हा त्याच्या हातात द्या. आकृती जुळली की मगच अपलोड करा.